वजाबाकीत उरलेली पृथ्वी

भूकंपांचीही एक जमाखर्चाची वही असते. १९६४ सालापासून ती स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात लिहिली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या त्या जाडजूड पत्रिकेत प्रत्येक भूकंपाची जागा आणि वेळ दिलेली असे आणि तिच्याखाली बारीक टाइपात ओळींमागून ओळी. एक ओळ म्हणजे एका वेधशाळेची साक्ष. आधी वेधशाळेचं सांकेतिक नाव, मग भूकंपापासूनचं अंतर, दिशा, लहर पोचल्याची वेळ तास-मिनिट-सेकंदांत. सगळ्यात शेवटी अधिक किंवा उणे चिन्ह लावलेला एक लहानसा आकडा. कुठे अधिक १.३, कुठे उणे ०.८.

कोष्टकाप्रमाणे लहर कधी पोचायला हवी होती आणि प्रत्यक्षात कधी पोचली, यातला हा फरक. शाळेत वजाबाकी शिकताना आपण त्याला बाकी म्हणायचो. पत्रिका तयार करणाऱ्यांना तिचा उपयोग तपासणीपुरता होता. बाकी लहान राहिली तर भूकंपाची जागा बरोबर ठरली, भलतीच मोठी आली तर कुठेतरी नोंद चुकली. एरवी त्या रकान्यात कुणी बघावं असं काही नव्हतं.

आपल्या पायाखालचं प्रावरण कुठे गरम आहे, कुठे थंड आहे, कुठे वर उसळतं आहे आणि कुठे बुडतं आहे, याचा पहिला जगभरचा नकाशा याच रकान्यातून निघाला. भूगर्भाच्या अभ्यासात याहून विलक्षण गोष्ट मला माहीत नाही.

प्रावरण म्हणजे अंगावरचं पांघरूण. जर्मन शास्त्रज्ञांनी वापरलेल्या मूळ शब्दाचा अर्थही डगला असाच आहे. पण हा डगला अंगापेक्षा मोठा आहे. खंडांखाली साधारण ३० ते ५० किलोमीटर जाडीचं कवच संपलं की प्रावरण सुरू होतं आणि सुमारे २,८९० किलोमीटर खोलीवर गाभ्याला टेकतं. पृथ्वीच्या एकूण आकारमानापैकी जवळजवळ ८४ टक्के भाग हाच. माणसानं खणलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटरांचं, आणि ते कवचाच्या अर्ध्यावरही पोचलेलं नाही. समुद्राखाली कवच पातळ असतं म्हणून अमेरिकनांनी १९६१ साली मेक्सिकोजवळ जहाजावरून भोक पाडायला घेतलं, पण काही वर्षांतच पैशांअभावी ती मोहीम गुंडाळावी लागली. तेव्हा प्रावरणाबद्दल जे कळलं ते जवळजवळ सगळं घड्याळाकडे बघून.

घड्याळाची ही गोष्ट झाग्रेबमध्ये सुरू होते. आंद्रिया मोहोरोविचिच हे मूळचे हवामानाचे अभ्यासक. एका नाविक शाळेत शिकवता शिकवता ढगांचे वेध घेणारे हे गृहस्थ १८९२ साली झाग्रेबच्या ग्रिच टेकडीवरच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. झाग्रेब भूकंपाचं शहर. १८८० सालच्या धक्क्यानं त्याची फार पडझड झाली होती. मोहोरोविचिच हळूहळू आकाशाकडून जमिनीकडे वळले, सरकारदरबारी खेटे घालून त्यांनी चांगली भूकंपलेखक यंत्रं मिळवली, आणि यंत्रांइतकाच आग्रह अचूक घड्याळांचा धरला. युरोपातल्या कितीतरी वेधशाळांची घड्याळं तेव्हा काही सेकंदांनी मागेपुढे असत. तापमानाच्या नोंदीला त्यानं बिघडत नाही. पण सेकंदाला सहा-सात किलोमीटर धावणाऱ्या लहरीसाठी पाच सेकंदांची चूक म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटरांची चूक.

त्या काळची भूकंपाची नोंद कशी असे, ते डोळ्यांपुढे आणलं पाहिजे. शेकडो किलो वजनाचा एक गोळा तोलून धरलेला. जमीन हलते, जड गोळा आपल्या जागी राहू पाहतो, आणि दोघांमधला फरक तरफांनी वाढवून एका सुईपर्यंत पोचतो. सुई टेकलेली असते काजळी धरलेल्या कागदावर. कागद गोल रुळावर संथ फिरत राहतो, सुई काजळी खरवडते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटत जाते. दिवस संपला की कागद अलगद उतरवायचा आणि पातळ लाखेत बुडवून वाळवायचा. तोवर त्याला कुणाचं बोट लागलं तर भूकंप पुसला गेला म्हणून समजा.

८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, कूपा नदीच्या खोऱ्यात पोकुप्स्को गावाजवळ जमीन हादरली. मोहोरोविचिचांनी युरोपभरच्या वेधशाळांकडून नोंदी मागवल्या आणि अंतराप्रमाणे त्या ओळीनं मांडल्या. भूकंपातून आधी पोचते ती दाबाची प्राथमिक लहर आणि मागून येते ती आडवी हलवणारी दुय्यम लहर, हे तेव्हा माहीत होतं. पण या मांडणीत काही अंतरांवर प्राथमिक लहरी दोन दिसत होत्या आणि दुय्यमही दोन. जवळच्या वेधशाळांत एकच जोडी, मधल्या पट्ट्यात दोन आणि फार लांब गेलं की पुन्हा एक.

उलगडा सोपा आहे, म्हणजे आता सोपा वाटतो. शेजारच्या गावाला जायचं तर आपण आतला रस्ता धरतो. दोनशे किलोमीटर जायचं असेल तर वाट वाकडी करून आधी महामार्ग गाठतो, कारण तिथला वेग वळसा भरून काढतो. भूकंपाची लहर हेच करत होती. खोल कुठेतरी असा थर होता, जिथे शिरताच तिचा वेग एकदम वाढत होता. त्या महामार्गानं गेलेली लहर दूरच्या वेधशाळेत आधी पोचत होती आणि आतल्या रस्त्यानं आलेली मागून. १९१० साली छापलेल्या निबंधात मोहोरोविचिचांनी या सीमेची खोली ५४ किलोमीटर काढली. कवच इथे संपतं, प्रावरण इथे सुरू होतं. काजळीच्या कागदांवरून आणि ५२ वर्षांच्या एका हवामानतज्ज्ञाच्या चिकाटीतून प्रावरणाचा वरचा काठ सापडला.

खालच्या काठाची कहाणी निराळी आहे, आणि तिचा एक धागा भारतात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रलयंकारी भूकंपाचा अभ्यास केला, दूरदूरच्या नोंदींत तीन तऱ्हेच्या लहरी वेगळ्या ओळखल्या आणि इंग्लंडला परतल्यावर १९०६ साली पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवून दिलं. पुढे जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा २,९०० किलोमीटरवर आणून ठेवली. तो आकडा आजच्या आकड्याच्या इतका जवळ आहे की बघून अचंबा वाटतो.

मग आली कोष्टकं. केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज आणि न्यूझीलंडहून आलेले त्यांचे शिष्य कीथ बुलेन यांनी हजारो नोंदी चाळून, हातानं आकडेमोड करून लहरींचं वेळापत्रक बनवलं. अमुक अंतरावर प्राथमिक लहर इतक्या मिनिटं-सेकंदांनी पोचेल, दुय्यम इतक्या. १९४० साली ते पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालं आणि पुढची कित्येक दशकं तेच प्रमाण राहिलं. सुमारे दहा हजार किलोमीटरांवर प्राथमिक लहर पोचायला तेरा मिनिटं लागतात, आणि हे वेळापत्रक एक-दोन सेकंदांपलीकडे क्वचितच चुकत असे. मात्र त्याच्या मुळाशी एक गृहीत होतं. पृथ्वी कांद्यासारखी आहे, एका खोलीवर सगळीकडे सारखी. आफ्रिकेखाली दोन हजार किलोमीटरवर जे आहे तेच प्रशांत महासागराखाली आणि तेच नागपूरखाली. वेळापत्रक बनवायचं तर असं मानावंच लागतं.

त्यानंतर भूकंपशास्त्राचं नशीब अणुबॉम्बनं पालटलं. जमिनीखालच्या अणुचाचण्या लांबून ओळखता येतील का, हा प्रश्न १९५८ साली जिनिव्हात तज्ज्ञांपुढे आला आणि अमेरिकेनं जगभर एकाच जातीची यंत्रं बसवायला घेतली. साठीच्या दशकात सुमारे १२० केंद्रांचं जाळं उभं राहिलं. प्रत्येक ठिकाणी यंत्रं तीच, एका वेळेला बांधलेली घड्याळं आणि एकच पद्धत. भारतात दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि पुणे इथे ही केंद्रं होती. काजळीच्या कागदाची जागा फोटोच्या कागदानं घेतली. अंधाऱ्या खोलीत फिरणाऱ्या रुळावर प्रकाशाचा ठिपका रेघ ओढत राहायचा. रोज कागद बदलायचा, धुऊन वाळवायचा, आणि कुणीतरी भिंगाखाली तो धरून लहरीची पहिली उसळी कुठे आहे ते वाचायचं. वाचलेली वेळ एडिंबरोला जायची आणि वहीत एक ओळ वाढायची. बॉम्बसाठी लावलेले हे कान रात्रंदिवस ऐकत होते ते मुख्यतः भूकंपच.

या ओळी लिहिणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो. पहाटे, सणावारी, पावसाळ्यात वीज गेलेली असताना कुणीतरी ते कागद बदलत होतं. त्यांची नावं कुठल्याच निबंधावर नाहीत.

त्या ओळींतून प्रावरणाचा नकाशा ज्यांनी काढला, त्या अॅडम जेव्होन्स्की यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९३६ चा, तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूफ शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. त्याच वर्षी १८ डिसेंबरला झाग्रेबमध्ये मोहोरोविचिच वारले. म्हणजे महिनाभर हे दोघे एकाच जगात होते. वॉर्सा आणि क्राकूव इथे शिकून जेव्होन्स्की १९६५ साली अमेरिकेत डॅलसला आले आणि १९७२ पासून हार्वर्डमध्ये शिकवू लागले.

आधी त्यांनी पृथ्वीचा नाद ऐकला. २२ मे १९६० च्या चिलीच्या भूकंपानं, म्हणजे यंत्रांनी नोंदलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपानं, अख्खी पृथ्वी घंटेसारखी घुमत राहिली होती. तिच्या सर्वांत खर्जातल्या एका कंपनाला ५४ मिनिटं लागतात. घंटेच्या नादावरून धातू कळतो, तशी या कंपनांवरून पृथ्वीची घडण ओळखता येते. जेव्होन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी त्याच १२० केंद्रांच्या कागदांच्या फिल्मवरून, विशेषतः १९७० सालच्या कोलंबियाखालच्या खोल भूकंपाच्या नोंदींवरून, एक हजाराहून अधिक स्वर वेगळे काढले. संगणकाला रेघ कळत नसे. ती आधी ठिपक्याठिपक्यानं आकड्यांत उतरवावी लागे. १९७१ साली या दोघांनी दाखवलं की पृथ्वीचा अंतर्गाभा घन आहे.

पण स्वरांवरून कळते ती सरासरी पृथ्वी. तीही कांद्यासारखीच. जेव्होन्स्कींना आता कांद्यात कुठे काय वेगळं आहे ते हवं होतं, आणि ते वहीच्या शेवटच्या रकान्यापाशी आले.

एसटीचं उदाहरण घेऊ. एक गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर कारण काहीही असू शकतं, टायर फुटला असेल किंवा स्थानकातल्या नोंद करणाऱ्याचं घड्याळ पुढे असेल. पण साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्या सगळ्याच गाड्या महिनोन्महिने उशिरा येत असतील आणि नाशिककडच्या वेळेवर, तर आपण म्हणू की वाटेत काहीतरी आहे. कोल्हापूरच्या, कराडच्या, साताऱ्याच्या सगळ्या गाड्यांचे उशीर एकमेकांशी ताडून पाहिले तर न जाताही सांगता येईल की अडचण खंबाटकी घाटात आहे. भूकंपलहरींचं तसंच. एकेक उशीर निरर्थक. पण हजारो भूकंप आणि शेकडो वेधशाळा यांना जोडणारे मार्ग पृथ्वीच्या पोटात एकमेकांना छेदत जातात, आणि जिथे उशिराचे मार्ग एकत्र येतात तिथे काहीतरी असतं.

अडचण अशी की शोधायची गोष्ट आणि चूक दोन्ही एकाच मापाच्या होत्या. तेरा मिनिटांच्या प्रवासात खऱ्या कारणानं होणारा उशीर सेकंदभराचा, आणि भिंगातून वाचणाऱ्याची चूकही सेकंदभराचीच. भूकंपाची जागा ठरवण्यात चूक, घड्याळात चूक, वेधशाळेखाली गाळाची जमीन असेल तर सगळ्याच लहरींना होणारा उशीर. या कचऱ्यातून धान्य निवडायला एकच उपाय होता, रास मोठी घेणं. माणसाची चूक कधी अधिक, कधी उणे असते, त्यामुळे लाखोंची बेरीज केली की ती आपोआप कटत जाते. पृथ्वीचं म्हणणं मात्र प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकतं, म्हणून ते साचत जातं.

१९७७ साली जेव्होन्स्की, ब्रॅडफर्ड हेगर आणि रिचर्ड ओकॉनेल यांनी जवळजवळ ७ लाख बाक्या घेऊन निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकातलं सीटी स्कॅन नुकतंच इस्पितळांत येऊ लागलं होतं, आणि त्याच तत्त्वावर इथे एका ग्रहाचं पोट तपासलं गेलं. चित्र अगदी ढोबळ होतं. हजारो किलोमीटर रुंदीच्या गोष्टीच काय त्या दिसाव्यात. वेगातला फरकही सेकंदाला काही दहा मीटरांचा, म्हणजे एका टक्क्याहून कमी. पण प्रावरणाच्या खालच्या भागात लहरी कुठे मंद आणि कुठे जलद चालतात, हे पहिल्यांदाच कागदावर आलं होतं.

ते खरं कशावरून? या निबंधातला सगळ्यात हुशार भाग मला इथे वाटतो. लेखकांनी दुसरा साक्षीदार आणला, पहिल्याशी काडीचाही संबंध नसलेला. उपग्रहांच्या कक्षांवरून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे चढउतार मोजलेले होते. त्या नकाशाशी त्यांनी आपला नकाशा जुळवून पाहिला आणि तो जुळला. सात लाख बाक्या नुसता कचरा असत्या, तर त्यांतून निघालेला आकार गुरुत्वाकर्षणाशी कशाला जुळला असता!

मात्र तो उलटा जुळला. मंद लहरी म्हणजे गरम, हलका खडक, आणि हलक्या खडकावर गुरुत्व कमी असायला हवं. इथे ते जास्त होतं. हे कोडं सुटायला काही वर्षं गेली. हेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत जेव्होन्स्कीही होते, १९८५ साली उत्तर मांडलं. गरम खडक नुसता पडून नसतो, तो वर चढत असतो. चढताना डोक्यावरची जमीन तो उचलून धरतो, आणि त्या उंचवट्याचं वस्तुमान खालचा हलकेपणा भरून काढून वर उरतं. म्हणजे चिन्ह उलटं आलं हाच प्रावरण वाहतं आहे याचा पुरावा ठरला. घन खडक, पण कोट्यवधी वर्षांच्या मापानं वाहणारा.

१९८४ साली जेव्होन्स्कींनी खालच्या प्रावरणाचा अधिक रेखीव नकाशा दिला. जॉन वुडहाउस यांच्याबरोबरचा वरच्या प्रावरणाचा नकाशाही त्याच वर्षीचा. त्याआधी, १९८१ साली, डॉन अँडरसन यांच्यासह त्यांनी पृथ्वीची नवी प्रमाण संहिता तयार केली. कोणत्या खोलीवर घनता किती, वेग किती, असं संपूर्ण कोष्टक. नाव दिलं ‘प्राथमिक संदर्भ प्रारूप’. चाळीसहून जास्त वर्षं झाली, जगभरचे कितीतरी अभ्यासक आजही तेच संदर्भ म्हणून वापरतात, आणि नावातलं ‘प्राथमिक’ अजून गेलेलं नाही.

नकाशे सुधारत गेले तशी १९७७ च्या त्या धूसर चित्रातली दोन मोठी रूपं ठळक होत गेली. एक आफ्रिकेखाली, दुसरं प्रशांत महासागराखाली, जवळजवळ पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना. गाभ्यावर बसलेले हे मंदगती प्रदेश हजारो किलोमीटर पसरलेले आहेत आणि काही ठिकाणी हजार किलोमीटरांपर्यंत उंच. त्यांच्याभोवती जलद लहरींचे, म्हणजे थंड खडकांचे पट्टे आहेत. तिथे जुन्या समुद्रांचे तळ बुडून गेले आहेत. त्यांतला एक आपल्याखाली आहे. भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस समुद्राचा तळ भारताखाली हजार-दोन हजार किलोमीटर खोल पडून असल्याचं १९९९ साली लहरींच्या उशिरांवरूनच दाखवलं गेलं. भारत उत्तरेला सरकत त्याच्या डोक्यावरून पुढे आला.

२०१० साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, जेव्होन्स्कींनी वेद्रान लेकिच आणि बार्बरा रोमानोविच यांच्यासह या दोन प्रदेशांना प्रावरणाचे नांगर म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की ही रूपं फार जुनी आणि स्थिर आहेत आणि वरची खंडं कुठे फिरणार हे काही अंशी तीच ठरवतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही. ते निव्वळ गरम खडक आहेत की वेगळ्याच घडणीचे, यावर आजही वाद चालू आहे.

केविन बर्क आणि ट्रॉन्ड टोर्सव्हिक यांनी २००४ साली आणखी एक वजाबाकी केली. गेल्या २० कोटी वर्षांत जिथे जिथे लाव्हाचे प्रचंड पूर आले, त्या जागा त्यांनी खंडांचा प्रवास मागे फिरवून मूळ ठिकाणी नेऊन ठेवल्या. बहुतेक जागा या दोन प्रदेशांच्या कडांवर आल्या. त्यांत दख्खनचा लाव्हाही होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आज जिथे रेयुनियन बेट आहे त्या भागावरून भारत जात असताना तो बाहेर पडला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. सह्याद्रीच्या कड्यांतले पायऱ्यांसारखे थर आणि ज्या काळ्या दगडात वेरूळचं कैलास कोरलं तो दगड याच पुरातले.

जेव्होन्स्की १ मार्च २०१६ रोजी वारले. त्याच सुमारास फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञ रेयुनियनभोवतीच्या नोंदी तपासत होते. २०१२ साली त्यांनी हिंदी महासागराच्या तळावर ५७ भूकंपलेखक सोडले होते आणि वर्षभरानं वर काढले होते. त्यांतून निघालेलं चित्र २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्यात रेयुनियनखालून सरळ खाली जाणारा खांब नाही. खाली आफ्रिकेच्या मंदगती प्रदेशातून एक बुंधा उठतो, त्याला तिरक्या फांद्या फुटतात, आणि फांद्यांच्या टोकांकडून गरम खडक वर चढतो. अशाच एका फांदीच्या माथ्यावर रेयुनियनचा ज्वालामुखी अजून पेटलेला आहे.